मातेचें ताट

आपल्या बहुतेक घरांत एक रीत फार दिवसांपासून चालत आली आहे. पुरुष आधीं जेवतात, मग मुलें जेवतात, आणि जिनें स्वयंपाक केला ती सर्वांच्या मागून, उरलें असेल तें खाते. सुखवस्तु घरांत यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु जेथें भाकऱ्याच मोजक्या, तेथें शेवटीं जेवणें म्हणजे अर्धपोटीं राहणें होय. आणि ती स्त्री गरोदर असेल, तर तिच्याबरोबर आणखी एक जीव उपाशी राहतो. सन २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. याचीं कारणें अनेक आहेत. अपुरें ताट हें त्यांतील एक खास होय.

सरकारनें याबाबतींत कांहींच केलें नाहीं असें नाहीं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या अंगणवाड्यांतून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांस पूरक आहार मिळतो. पुढें २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें हा आहार मातेचा हक्क ठरविला.

पण अडचण याच्या पुढें आहे. हा आहार बहुधा शिध्याच्या रूपानें घरीं नेण्यास देतात. पिशवी मातेच्या नांवाची असते. ती चुलीपाशीं पोंचली कीं साऱ्या घराची होते, आणि मग पुन्हां तीच जुनी रीत! यांत कोणाची लबाडी नाहीं. भुकेलें मूल समोर असतां कोणती आई एकटी जेवील? म्हणून महाराष्ट्रानें २०१५ सालीं आदिवासी भागांत सुरू केलेली अमृत आहार योजना मला अधिक शहाणपणाची वाटते. तींत मातेस अंगणवाडींतच भाकरी किंवा पोळी, भात, डाळ व भाजी असें एक वेळचें गरम जेवण वाढावें, अशी योजना आहे. तेथें तिचें ताट तिचेंच राहतें.

कोणी म्हणेल, मजुरीस जाणाऱ्या बाईनें रोज अंगणवाडी गांठावी कशी? आक्षेप खरा आहे. म्हणूनच अंगणवाडी पाड्याच्या जवळ असावी, जेवणाची वेळ कामाच्या वेळेशीं जुळवावी, आणि जिला येणें अशक्यच आहे तिला शिधा मिळावा. परंतु अडचण आहे म्हणून चांगली रीत टाकून देऊं नये.

तरीही सरकारचें ताट दिवसांतून एकदांच. बाकीचीं जेवणें घरचींच. विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर आपली आई केव्हां जेवते आणि तिच्या ताटांत काय पडतें, एवढें नीट पाहा. पालकांसही नम्र विनंति आहे, कीं सर्वांनीं एकाच पंक्तीस बसून जेवावें. कायदा अन्न दारापर्यंत आणील. आईला वेळेवर पानावर बसविणें मात्र आपल्याच हातीं आहे.