सातबाऱ्यावर तिचे नाव



कृषी महाविद्यालयात चार वर्षे शिकलो, पण पुस्तकातला शेतकरी कायम पुरुषच होता. गावात येऊन पाहिले तर निंदण बायांचे, कापूस वेचणी बायांची, ज्वारीच्या सोंगणीतही त्याच वाकलेल्या. सातबाऱ्यावर मात्र नाव धन्याचे. ही विसंगती ज्यांनी चळवळीच्या पुढे सतत मांडली, त्यांत डॉ. गेल ऑम्व्हेट यांचे नाव मोठे आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात त्या गेल्या. आपल्या बैठकीत त्यांच्यावर नीट बोलणे राहूनच गेले होते.

जन्म १९४१ चा, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. महात्मा फुले आणि सत्यशोधकांच्या चळवळीवर अभ्यास करून १९७३ साली बर्कले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. असे लोक येतात, टिपणे घेतात आणि परत जातात. या गेल्या नाहीत. १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न केले, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि कासेगावच्या सासरी राहून मराठीत भाषणे देऊ लागल्या. सासूबाई इंदुताई बेचाळीसच्या लढ्यातल्या. पुढे परित्यक्ता बायांच्या लढ्यात सासू-सून बरोबरीने उतरल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतःचे रेशनकार्ड हवे, घराला जागा हवी. मागणी एवढी साधी, पण तिच्यासाठी मोर्चे काढावे लागले.

आपल्या कोरडवाहू भागाने समजून घ्यावी अशी गोष्ट खानापूर तालुक्याची. ऐंशीच्या दशकात तिथे दुष्काळ होता आणि येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी ते अडवले, थोडी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशातून, श्रमदानातून बळीराजा धरण बांधले. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबामागे सारखा ठरवला. भूमिहीनालासुद्धा! ज्या चळवळीने हे केले, तिच्यात गेलताई होत्या आणि हा प्रयोग त्यांनी बाहेरच्या जगाला लिहून कळवला.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्याने राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करायची. शहरातल्या अनेक स्त्रीवादी मंडळींना शेतकऱ्यांच्या संघटनेबद्दल शंका होती. गेलताईंनी या कामाचे महत्त्व ओळखले आणि तसे लिहिले.

त्यांचे सगळेच पटावे असे नाही. १९९९ साली मोठ्या धरणांच्या विरोधकांशी त्यांनी जाहीर वाद घातला. पाणी समान वाटा, धरणच नको म्हणू नका, असा त्यांचा आग्रह. तो मला मान्य आहे. नव्या बियाण्याच्या तंत्राला आडकाठी नको, हेही त्या म्हणत. निवड शेतकऱ्याची, हे खरेच. पण २०१७ ची गुलाबी बोंडअळी मी धुऱ्यावर उभा राहून पाहिली आहे. कर्ज काढून घेतलेल्या पाकिटाला निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता आपले घर पाहू. बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढवण्याची सोय शासनाने १९९२ सालीच लक्ष्मी मुक्ती योजनेत केली. अर्ज मात्र नवऱ्याने करायचा असतो. भाव मागताना आपण मुठी आवळतो आणि या अर्जाचे नाव काढले की म्हणतो, "घरातच तर आहे, नावात काय?" नावात काय, ते धनी गेल्यावर पीककर्जासाठी बँकेच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला विचारा. तिच्या मागे दीर उभा असतो, आणि तोही फेरफाराची वाट पाहत असतो.

जिल्हा बैठकीत दुपारच्या जेवणानंतर अर्ज भरण्याचे टेबल लावले आहे. येताना सातबाऱ्याचा ताजा उतारा, दोघांची आधारकार्डे आणणे. आणि कारभारणीला सोबत आणणे. माझा अर्ज गेल्या वर्षी झाला. घरून दोनदा आठवण करून द्यावी लागली, हे इथे कबूल करतो.