‘पानिपत’ वाचले, येलदरीचे काय?
बोरीसारख्या गावातील वाचक ऐतिहासिक कादंबरीत रमतो, म्हणून त्याची कीव करण्याचे कारण नाही. कष्टकऱ्यालाही पराक्रमाचे स्वप्न हवेच असते. अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, ऐतिहासिक ‘मोचनगड’ १८७१ साली. ही भूक जुनीच आहे. परंतु त्याही आधी, १८५७ साली, ‘यमुनापर्यटन’ने विधवांची दुःखे मांडली होती, याचे विस्मरण होऊ नये. विश्वास पाटलांनी ‘पानिपत’ (१९८८) लिहिले, तशीच धरणग्रस्तांची ‘झाडाझडती’ही (१९९१) लिहिली. पूर्णेवरील येलदरी धरण आपल्याच जिंतूर तालुक्यात आहे. त्यासाठी ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांचे जगणे हाही इतिहासच होय. कार्यकर्त्यांनी गावच्या वाचनालयात ही दोन्ही पुस्तके शेजारीशेजारी ठेवावीत. वाचक दुसऱ्याकडेही वळेल.