मलकापूरचे पान बिघडवणाऱ्यास अखेरचा इशारा

मराठी विकिपीडियावरच्या ‘मलकापूर’ लेखात मध्यरात्री येऊन नासधूस करणाऱ्या आणि चर्चापानावर शिवीगाळ करणाऱ्या इसमास हे जाहीर सांगणे. तुम्ही एकटे आहात की चौघे मिळून हे करता, याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही.

मलकापुरे अनेक आहेत. एक सातारा जिल्ह्यात कराडला लागून (हा लेख त्याचाच), एक शाहूवाडी तालुक्यात, एक बुलढाणा जिल्ह्यात मुंबई-नागपूर लोहमार्गावर. नावात घोटाळा झाला असता तर आम्ही समजावून सांगितले असते, आणि पहिल्या वेळी सांगितलेही. पण आगाशिवच्या बौद्ध लेण्यांचा परिच्छेद पुन्हापुन्हा उडवून त्या जागी भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवणे, याला घोटाळा म्हणत नाहीत. संदर्भ मागितला तर शिव्या आल्या. एका महिला सदस्याच्या चर्चापानावर तुम्ही जे लिहिले, ते इथे पुन्हा लिहायची आमची तयारी नाही. चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून कराडजवळच्या या मलकापूरचे नाव झाले. नळावरची भांडणे गावाने मिटवली, ती तुम्ही चर्चापानावर आणून ठेवलीत!

‘गंमत केली’ हे उत्तर ऐकून घेतले जाणार नाही. तुमच्या शेवटच्या दोन संपादनांत जातीधर्मावरून मजकूर होता. पुसेसावळी याच सातारा जिल्ह्यातली. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून तिथे दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. गंमत कुठवर जाते हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

१ मे २००३ पासून हा ज्ञानकोश बिनपगारी माणसांनी उभा केला आहे. दिवसभराची नोकरी, शेती, शिकवण्या उरकून रात्री तासभर बसणारी ही माणसे. तुम्ही पुसलेले ओळखायला त्यांना एक नजर पुरते आणि परत आणायला एक कळ. लेखाच्या इतिहासात तुमचे प्रत्येक संपादन तारीखवेळेसह नोंदलेले आहे. टोपणनाव बदलले म्हणून हात बदलत नाही.

येत्या रविवारी रात्री बारापर्यंत मुदत आहे. तोवर लेखाला हात लावू नका. आक्षेप असेल तर चर्चापानावर पुस्तकाचा किंवा वर्तमानपत्राचा संदर्भ देऊन मांडा. तो खरा निघाला तर आम्हीच लेख दुरुस्त करू. त्या सदस्येची माफी तिच्याच पानावर, सरळ शब्दांत मागा. हात फारच शिवशिवत असतील तर सरावासाठी धूळपाटी मोकळी आहे.

हे झाले नाही तर सोमवारी सकाळी पान सुरक्षित करण्याची आणि तुम्हांला तडीपार करण्याची विनंती प्रचालकांकडे जाईल. दुसऱ्या नावाने आलात तर ते नावही त्याच यादीत चढेल. मग तुमच्या सगळ्या खात्यांचा हिशेब तपासनीस मांडतील.

‘घर माहीत आहे’ ही तुम्ही लिहिलेली धमकी मात्र या मुदतीत बसत नाही. नाव लपवून दिलेल्या धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये वेगळी शिक्षा आहे. स्त्रीला उद्देशून लिहिलेल्या अश्लाघ्य शब्दांसाठी कलम ७९ आहे. त्या दोन्ही मजकुरांच्या प्रती, वेळेसकट, आज सायबर पोलिसांकडे दिल्या आहेत.