इंग्रजीशी गट्टी : ‘बरं होणं’ चार तऱ्हांचं

मुलांनो, परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून कधी गेला आहात? दोंदे हे मोठे शिक्षणतज्ज्ञ, पण त्यांच्या नावाचा हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे तो इथल्या रुग्णालयांमुळे. १९२६ साली सुरू झालेलं केईएम इथे आहे, १९२९ सालचं वाडिया मुलांचं रुग्णालय इथे आहे, आणि जवळच १९४१ साली उघडलेलं टाटा रुग्णालय आहे. गावोगावची माणसं इथे येतात ती एकच इच्छा धरून : बरं व्हायचं!

मराठीत हा ‘बरा’ शब्द भलताच सोयीचा आहे. जखम बरी होते, ताप बरा होतो, आजी बरी होते आणि डॉक्टरही पेशंटला बरं करतात. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र पेन अडतं. ट्रीट, हील, क्युअर, रिकव्हर असे चार शब्द समोर उभे राहतात. शब्दकोशात चौघांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिसतात. मग कुणी लिहितं, ‘माय कट रिकव्हर्ड’, तर कुणी लिहितं, ‘द डॉक्टर हील्ड माय फीव्हर’.

यावर एक सोपी युक्ती आहे. शब्द निवडण्याआधी स्वतःला विचारायचं, ‘इथे काम कोण करतंय?’

समजा, लालबागमध्ये दहीहंडीचा सराव चालला आहे. चौथ्या थरावरचा एक गोविंदा खाली आला आणि त्याचा हात मोडला. त्याला केईएममध्ये नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड जागेवर बसवलं, प्लॅस्टर घातलं. इथे काम केलं डॉक्टरांनी, म्हणून ‘द डॉक्टर ट्रीटेड हिम.’ ट्रीट म्हणजे उपचार करणं. उपचारांचा गुण आला की नाही, हे हा शब्द सांगत नाही. ‘ट्रीटेड’ म्हणजे फक्त उपचार झाले, एवढंच. (वाढदिवसाला मित्र मागतात ती ‘ट्रीट’ वेगळी हं! तिथे वडापाव मिळतो, इथे इंजेक्शन!)

आता प्लॅस्टरच्या आत काय चाललंय? डॉक्टर तर दुसऱ्या पेशंटकडे गेले. पण शरीर रात्रंदिवस कामाला लागलंय. मोडलेल्या हाडाच्या दोन टोकांमध्ये नवं हाड तयार होतंय. काही आठवड्यांत हाड सांधलं. म्हणून ‘द बोन हील्ड.’ जखम भरते, चिरलेलं बोट जुळून येतं, भाजलेल्या जागी नवी कातडी येते, हे सगळं हील. आपल्याकडे ‘जखम भरली’, ‘हाड सांधलं’ म्हणतात ना, तेच हे. स्पेलिंग लक्षात ठेवायला एक गंमत : ‘हेल्थ’ या शब्दाची पहिली चार अक्षरं म्हणजेच ‘हील’. एच, ई, ए, एल. ‘ए’च्या जागी आणखी एक ‘ई’ घातलात, तर जखम भरायची राहील आणि पायाची टाच येईल!

प्लॅस्टर निघालं. हात बारीक झालाय, बोटं आखडलीत. व्यायाम सुरू झाला. हळूहळू हातात ताकद आली आणि गोविंदा पुन्हा पूर्वीसारखा सराव करू लागला. आता बोलायचं ते हाडाबद्दल नाही, अख्ख्या माणसाबद्दल. म्हणून ‘ही रिकव्हर्ड.’ चोरीला गेलेला माल पोलिसांनी परत मिळवला, तरी इंग्रजीत ‘रिकव्हर’च म्हणतात. आजारी माणूसही गेलेली ताकद परत मिळवतो. आपण म्हणतो ‘दुखण्यातून उठला’, ‘खडखडीत बरा झाला’. यातल्या ‘दुखण्यातून’मधला ‘ऊन’ विसरू नका, कारण इंग्रजीतही तिथे ‘फ्रॉम’ येतो : ‘शी रिकव्हर्ड फ्रॉम टायफॉइड.’

राहिला चौथा शब्द, क्युअर. तो सगळ्यात मानाचा आणि सगळ्यात जपून वापरायचा. क्युअर म्हणजे उपचारांनी रोग मुळासकट जाणं. मोडलेल्या हाताला तो लागत नाही, रोगाला लागतो. साध्या सर्दीला अजूनही क्युअर सापडलेला नाही. नाक मोकळं करणारं औषध मिळतं, पण सर्दी जाते ती शरीराच्या लढाईमुळे. आजी मधुमेहाची गोळी रोज घेते. तिला ट्रीटमेंट चालू आहे, ती हिंडते-फिरते, पण ‘क्युअर्ड’ म्हणून गोळी बंद केली तर साखर पुन्हा चढेल. म्हणून भिंतीवर किंवा मोबाईलवर ‘मधुमेह कायमचा क्युअर’ अशी जाहिरात दिसली, तर मोठ्यांना जरूर दाखवा. मधुमेह, कॅन्सर अशा रोगांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

‘पण बाई, पेपरात एखाद-दुसरा मार्क जाईल, त्यात काय एवढं?’ असं वाटतंय ना? मग आता परळहून शिवडीला चला. तिथे महापालिकेचं क्षयरोगाचं मोठं रुग्णालय आहे. क्षय म्हणजे टीबी. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधले, पण जंतू मारणारं औषध लगेच हाती आलं नाही. तेव्हा पाचगणीला किंवा मिरजेजवळ वानलेसवाडीला रुग्णांना ठेवायचे. मोकळी हवा, विश्रांती, चांगलं जेवण. म्हणजे ट्रीटमेंट होती, काहीजण रिकव्हरही होत, पण क्युअर नव्हता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि मग एकामागून एक औषधं आली.

आज साध्या टीबीचे उपचार निदान सहा महिने चालतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ती फुकट मिळतात. आता गंमत नव्हे, धोका ऐका. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. माणसाला वाटतं, ‘झालो की बरा! आता गोळ्या कशाला?’ तो रिकव्हर होऊ लागलेला असतो, पण क्युअर झालेला नसतो. जंतू अंगात शिल्लक असतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो आणि उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार आणखी अवघड होतात. एका ‘बरा’ शब्दात दोन अर्थ मिसळले, की हे असं होतं.

म्हणूनच टीबीच्या नोंदींत दोन वेगळे शेरे असतात. सुरुवातीला तपासणीत जंतू सापडले होते आणि उपचार संपताना तपासणीत ते नाहीत असं दिसलं, तर शेरा ‘क्युअर्ड’. सगळी औषधं संपवली, उपचार फसल्याची काही खूण नाही, पण जंतू गेल्याचा तसा तपासणीचा पुरावा नोंदीत नाही, तर शेरा ‘ट्रीटमेंट कम्प्लीटेड’. बघा, डॉक्टरसुद्धा शब्द किती तोलून लिहितात!

तेव्हा घरात कुणाच्या हाती रुग्णालयाचा इंग्रजी कागद आला, तर तुम्ही शेजारी बसा. ‘ट्रीटेड’ लिहिलंय की ‘क्युअर्ड’, ते वाचून सांगा. आणि आई-बाबा, गोळ्या कधी थांबवायच्या हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, बरं का!

आता तुमची परीक्षा. कुठला शब्द बसेल?

१. गुडघ्यावरची जखम आठवड्यात भरली.
२. मामा टायफॉइडच्या दुखण्यातून उठले.
३. डॉक्टरांनी सकाळपासून वीस पेशंटवर उपचार केले.
४. औषधांचा पूर्ण कोर्स घेतल्यावर मलेरिया समूळ गेला.
५. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ साली हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली. लस रोग होण्याआधी टोचतात. मग ती आपल्या चार शब्दांपैकी कुठलं काम करते? की पाचवाच शब्द हवा?

(उत्तरं : १. हील्ड २. रिकव्हर्ड ३. ट्रीटेड ४. क्युअर्ड ५. पाचवाच शब्द, प्रिव्हेंट. म्हणजे रोग होऊच न देणं. तो जमला, तर बाकीच्या चौघांना सुट्टी!)