तांदळाची थकबाकी

जिल्हा बँकेच्या वसुली विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाला कर्जाऊ तांदूळ दिल्याचे वाचले, तेव्हा नजर आधी अटींवर गेली. व्याज एक टक्का, पहिली दहा वर्षे हप्ता नाही, पुढच्या वीस वर्षांत फेड. 2000 मध्ये हे कर्ज सुरू झाले. 2012 मध्ये पहिला हप्ता भरायची वेळ आली, तेव्हा प्योंगयांगने सोलच्या मागणीपत्राला उत्तरही दिले नाही.

सोलमधले टीकाकार म्हणतात, तांदूळ बुडाला. मला तसे वाटत नाही. तांदूळ जात होता त्या वर्षांत कोरियन युद्धाने ताटातूट झालेली म्हातारी भावंडे, मायलेकरे पुन्हा भेटली. वसुली झाली, ती अशी.

बिघडले ते दाब वाढवल्यावर. जुलै 2006 मध्ये उत्तरेने क्षेपणास्त्रे डागली, दक्षिणेने तांदूळ रोखला. उत्तरेने लगेच कुटुंबांच्या भेटी बंद केल्या आणि ऑक्टोबरात पहिली अणुचाचणी केली. 2016 मध्ये दक्षिणेने उत्तरेतल्या केसाँगची संयुक्त औद्योगिक वसाहतच बंद केली. तिथे दक्षिणेचे सव्वाशेच्या आसपास कारखाने होते आणि उत्तरेचे सुमारे 54 हजार कामगार. अणुचाचण्या मात्र थांबल्या नाहीत. उत्तरेचा बहुतेक व्यापार चीनशी. सोलने हात आखडला म्हणून उत्तरेचे राज्यकर्ते किम यांची चूल विझणार नव्हती. यंत्रे अडकली ती दक्षिणेच्याच कारखानदारांची.

याउलट 1984 आठवा. दक्षिणेत महापूर आला आणि उत्तरेने तांदूळ, कापड, सिमेंट, औषधे देऊ केली. त्यात प्रचार होताच, तरी सोलने मदत घेतली. पुढच्याच वर्षी ताटातूट झालेल्या कुटुंबांची पहिली भेट घडली.

कर्जदार जीव गेला तरी सोडणार नाही, अशी वस्तू तारण मागण्यात अर्थ नसतो. किम घराण्यासाठी अणुबॉम्ब ही तशी वस्तू आहे. मदतीच्या बदल्यात मागायचेच तर देता येईल असे मागावे: भेटी, पत्रव्यवहार, धान्य कोणाच्या ताटात पडले याची तपासणी. कारखाने, पर्यटन यांवर घासाघीस जरूर करावी. भुकेल्यांचे धान्य मात्र त्या सौद्यात धरू नये, कारण ते रोखल्याने राज्यकर्ता उपाशी राहत नाही.