उरलेल्या ताटाचे दान की अन्नाचा हक्क?

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, डायमंड हार्बर रस्त्याच्या दुतर्फा पसरलेल्या बेहाला भागात बरिशा क्लबने २०२० सालच्या दुर्गापूजेत एक वेगळी मूर्ती उभी केली. ती महिषासुराचा वध करणारी रणचंडी नव्हती. टाळेबंदीत रोजगार आणि निवारा गमावून, उघडे मूल कडेवर घेऊन पोराबाळांसह वाट तुडवणारी ती एक स्थलांतरित मजूर स्त्री होती. संकल्पना रिंटू दास यांची, मूर्ती पल्लव भौमिक यांची. देखाव्याला नाव दिले होते ‘त्राण’. आपद्ग्रस्तांना वाटल्या जाणाऱ्या मदतीला बंगालीत हाच शब्द आहे.

देवीच मदतीच्या शोधात निघाली, ही कल्पना देशभर वाखाणली गेली. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, मध्यमवर्गाचे डोळे पाणावले. परंतु मूर्तीने उभा केलेला प्रश्न मात्र कौतुकाच्या गर्दीत हरवला. ज्या वर्षी ही माता अन्नाच्या शोधात पायपीट करीत होती, त्याच वर्षी भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारांत सात कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते. मग तिला ‘त्राण’ मागण्याची पाळी का यावी?

या प्रश्नाला प्रस्थापितांनी अलीकडे एक सोयीस्कर उत्तर शोधले आहे. ते असे: देशात अन्न भरपूर आहे, फक्त ते वाया जाते. लग्नघरांत, हॉटेलांत, कंपन्यांच्या उपाहारगृहांत जे उरते ते गोळा करून धर्मादाय संस्थांमार्फत गरिबांच्या वस्तीत पोहोचवले की नासाडीही थांबेल आणि भूकही मिटेल. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली स्वतंत्र नियमावली केली. त्याआधीच, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करावयाच्या कामांच्या यादीत भूक आणि कुपोषणाच्या निर्मूलनाला पहिल्याच कलमात स्थान देण्यात आले होते. भूक हा अशा रीतीने शासनाच्या उत्तरदायित्वाचा विषय न राहता भांडवलदारांच्या औदार्याचा विषय बनत चालला आहे. विरोध आहे तो या स्थित्यंतराला.

स्वयंसेवकांशी भांडण नाही

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. लग्नाच्या पंगती उठल्यावर मध्यरात्री भाताची पातेली उचलून पुलाखालच्या माणसांपर्यंत नेणारे तरुण हे उपहासाचे धनी नाहीत. खाण्यायोग्य अन्न उकिरड्यावर जाण्यापेक्षा माणसाच्या पोटात गेले तर कोणताही समंजस माणूस त्याला हरकत घेणार नाही. उपाशी माणसाला आज रात्री जेवायला हवे, त्याला व्यवस्था बदलेपर्यंत थांबायला सांगणे हे क्रौर्य आहे.

परंतु ज्या कामाने एका रात्रीची भूक भागते त्यालाच भुकेवरचे धोरण म्हणून मिरवणे, ही वेगळी गोष्ट आहे. लग्नसराईत पुलाव उरतो, अशुभ मानलेल्या महिन्यांत उरत नाही. भूक मात्र मुहूर्त पाहून येत नाही. यजमानाच्या अंदाजाची चूक ही गरिबाच्या जेवणाची तरतूद होऊ शकत नाही. शिवाय आज अन्न आले नाही तर जाब कोणाला विचारायचा? रेशन दुकानदाराविरुद्ध तक्रार करता येते, मोर्चा नेता येतो, न्यायालयात दाद मागता येते. दात्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, त्याचे फक्त आभार मानता येतात.

कोठारातील धान्य जाते कोठे?

आता ‘उरलेले अन्न’ म्हणजे नेमके कोणते, ते पाहू. देशातील सर्वांत मोठा अन्नाचा साठा लग्नघरांत उरत नाही, तो सरकारी कोठारांत असतो. शेतकऱ्याच्या घामातून पिकलेले आणि जनतेच्या पैशातून खरेदी केलेले हे धान्य आहे.

टाळेबंदी सुरू होऊन महिनाही उलटला नव्हता, मजुरांचे तांडे महामार्गांवर होते, त्या वेळी, २० एप्रिल २०२० रोजी, महामंडळाकडील अतिरिक्त तांदूळ इथेनॉलसाठी वापरण्यास मंजुरी देण्यात आली. हात धुण्याचे जंतुनाशक आणि मोटारींचे इंधन त्यातून तयार व्हायचे होते. ती तात्पुरती निकड होती असे म्हणावे, तर २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी दिलेल्या तांदळाचे प्रमाण ५२ लाख टनांवर नेण्यात आले. दर ठरला क्विंटलला २,२५० रुपये. महामंडळाला त्याच तांदळासाठी येणारा खर्च क्विंटलला सुमारे ४,००० रुपये होता. म्हणजे तोटा सार्वजनिक तिजोरीचा आणि लाभ मद्यार्क कारखान्यांचा. याउलट जून २०२३ मध्ये खुल्या बाजार योजनेतून राज्य सरकारांना होणारी तांदळाची विक्री केंद्राने बंद केली. कर्नाटकचे सरकार गरिबांना वाटण्यासाठी पैसे मोजून तांदूळ मागत होते. त्याला तो मिळाला नाही.

अन्न सुरक्षा कायद्याखाली एका माणसाला महिन्याला ५ किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो धान्य मिळते. त्या मापाने ५२ लाख टन तांदूळ साडेआठ कोटींहून अधिक माणसांना वर्षभर पुरला असता. आणि कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेले किती आहेत? ई-श्रम नोंदणी झालेल्या, परंतु शिधापत्रिका नसलेल्या सुमारे ८ कोटी श्रमिकांना पत्रिका देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून दिली. कायद्याची लाभार्थीसंख्या २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे, आणि २०२१ साली व्हावयाची जनगणना वेळेवर झालीच नाही. दहा वर्षांत जन्मलेल्या, वाढलेल्या, गाव सोडून शहरात आलेल्या माणसांची दखल कोट्याने घेतली नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरिशाच्या मूर्तीचा अर्थ उलगडतो. त्या मातेला कोणाच्या पंगतीतले उरलेले नको होते. तिच्या नावावर असायला हवे होते ते धान्य भट्टीकडे निघाले होते.

बंगालने हा धडा एकदा घेतला आहे

कोलकात्याला हा अनुभव नवा नाही. १९४३ साली खेड्यांतून आलेले शेतमजूर आणि कोळी याच शहराच्या दारोदार भात गाळून उरलेले पाणी मागत फिरले. भात मागण्याची हिंमतही त्यांच्यात उरली नव्हती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या १५ लाख मानली, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. शहरात लंगरखाने होते, पेज वाटली जात होती, दानशूरही पुष्कळ होते. तरी माणसे रस्त्यावर मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की १९४३ चा धान्यपुरवठा, दुष्काळ नसलेल्या १९४१ पेक्षा कमी नव्हता. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत आणि मिळवण्याचा अधिकार नव्हता. साठेबाजांनी भाव चढवले आणि साम्राज्याच्या युद्धयंत्रणेने श्रमिकांना वाऱ्यावर सोडले.

त्या आक्रोशाला महाराष्ट्राने साद दिली होती. अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला तो याच दुष्काळावर. त्या काळी मदत गोळा झालीच, पण मदतीबरोबर मागणीही उठली: साठे बाहेर काढा, भाव बांधून द्या, रेशन सुरू करा. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी अन्नाची मागणी करीत कोलकात्याच्या रस्त्यांवर आलेल्या हजारो शेतकऱ्यांवर बिधानचंद्र रॉय यांच्या सरकारच्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आंदोलकांच्या हिशेबाने त्या लढ्यात ८० जणांचे बळी गेले. मुंबईत १९७२ नंतर अहिल्या रांगणेकर, मृणाल गोरे, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी कोणाच्या पंगतीतले उरलेले मागितले नाही. रास्त भावात तेल, साखर, धान्य मागितले. रेशन दुकान ही कोणा सरकारची कृपा नाही, ही अशा लढ्यांची कमाई आहे.

उष्ट्याचा इतिहास

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रश्नाचे आणखी एक अंग सांगावे लागू नये. या भूमीत उरलेल्या अन्नाला जात होती. गावाची कामे राबवून घ्यायची, मजुरीचा हिशेब करायचा नाही आणि सांजवेळी दारात आलेल्या माणसाच्या पदरात शिळा तुकडा टाकायचा, ही बलुत्याची रीत शतकानुशतके चालली. तुकडा टाकणारा स्वतःला पुण्यवान समजत असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस आणि फेकलेले उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. पोट रिकामे असलेल्या माणसांना त्यांनी हे सांगितले, कारण तो तुकडाच त्यांना माणूसपणापासून दूर ठेवीत होता.

आजचे वाटप स्वच्छ डब्यांतून होते, तापमान मोजले जाते, नोंदवही ठेवली जाते. तरीही संबंध तोच राहतो: एकाचे खाऊन झाल्यावर दुसऱ्याची पाळी. पूजेच्या भोगाची खिचडी सर्वांसाठी एकाच चुलीवर शिजते आणि सर्व जण एकाच पंगतीत बसून ती खातात. श्रीमंताच्या मेजवानीनंतर पाठवलेले पातेले आणि ही खिचडी यांतला फरक बेहालातील लहान मूलही ओळखते.

अमेरिकेची वाट

ही कल्पना जेथून आली तेथे तिचे काय झाले? अमेरिकेतील पहिली अन्नपेढी ॲरिझोनातील फीनिक्स शहरात १९६७ साली निघाली. पुढे देशभर जाळे विणले गेले, दात्यांना संरक्षण देणारा कायदा १९९६ साली झाला. २०२३ साली, जगातील त्या सर्वांत धनाढ्य देशात ४ कोटी ७० लाखांहून अधिक लोक अन्नाच्या बाबतीत असुरक्षित कुटुंबांत राहत होते, असे तेथील शेती खात्यानेच मोजले. भूक हटली नाही, ती अन्नपेढीच्या आधाराने कायम झाली. २०२५ साली त्या खात्याने ही वार्षिक मोजणीच बंद करण्याची घोषणा केली.

भांडवली उत्पादनात उरणारे अन्न हा अपघात नसतो. नफ्यासाठी पिकते आणि नफ्यासाठी विकले जाते, तेथे विकत न घेता आलेला माल उरणारच, आणि विकत घेऊ न शकणारा माणूसही उरणारच. बेहालाच्या वेशीवर, ताराताल्यात, १९४७ पासून चाललेला ब्रिटानिया कंपनीचा बिस्किटांचा कारखाना जून २०२४ मध्ये थांबला. कायम कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती स्वीकारली. बाजारात बिस्किटांचा तुटवडा पडला नाही. कमी झाला तो बिस्किटे बनवणाऱ्या हातांचा पगार. अशा माणसाला वाटपाचा पुडा देणे सोपे आहे, काम देणे अवघड आहे.

आक्षेपांना उत्तर

विरोधक म्हणतील, रेशनव्यवस्था भ्रष्ट आहे, त्यापेक्षा संस्था बऱ्या. या आक्षेपापुढे डाव्यांनी नजर चुकवू नये. २००७ साली बांकुडा, बीरभूम, वर्धमान जिल्ह्यांत रेशन दुकानदारांविरुद्ध जनतेचा उद्रेक झाला, तेव्हा राज्यात डाव्या आघाडीचेच सरकार होते. धान्य काळ्या बाजारात जात होते आणि त्याची खबर घेण्यास उशीर झाला, हे मान्य केले पाहिजे. पण तेव्हाही खेड्यातील माणसाने काय मागितले? दुकान बंद करून दान सुरू करा असे नाही, आपला कोटा आपल्याला द्या, असे. गळकी पाइप दुरुस्त करायची असते. पाइप काढून तेथे पाणपोई उभारली म्हणजे घराघरांत पाणी येत नाही.

दुसरा आक्षेप असा की डावेही अन्नच वाटतात. बेहालापासून फार दूर नसलेल्या यादवपुरात एप्रिल २०२० मध्ये श्रमजीवी कॅन्टीन सुरू झाले. अन्न तेथे ताजे शिजते. जेवणाराला २० रुपये देऊन ताठ मानेने जेवता आले. ही एकजुटीची चूल आहे आणि तिचे मोल मोठे आहे. तरीही कॅन्टीन म्हणजे धोरण, असा भ्रम तिच्या कार्यकर्त्यांनीही बाळगता कामा नये. जी चूल लोकांना जेवू घालते आणि शिधापत्रिकेच्या अर्जावर सही करायलाही शिकवते, तीच पुढे नेते.

मागणी कशाची?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. शिधापत्रिकेविना राहिलेल्या प्रत्येक श्रमिकाला, तो जेथे राबतो तेथे पत्रिका मिळाली पाहिजे. आजच्या लोकसंख्येवर कोटा ठरला पाहिजे. धान्याबरोबर डाळ आणि तेल रेशनवर आले पाहिजे. एकही पत्रिका बाकी असेपर्यंत सरकारी कोठारातील तांदळाचा एक दाणाही मद्यार्काच्या भट्टीत जाता कामा नये. शहरांतील श्रमिक वस्त्यांत शासनाच्या खर्चाने, तेथील स्त्रियांना योग्य मजुरी देऊन, ताजे अन्न शिजवणारी सार्वजनिक स्वयंपाकघरे उघडली पाहिजेत. एवढे झाल्यावर कोणाच्या लग्नात पुलाव उरला आणि कोणी तो शेजारच्या वस्तीत नेला, तर त्याला सुखाने नेऊ द्यावा.

बरिशाची ती माता मूर्तिकाराने चालताना दाखवली. तिची वाट एखाद्या दात्याच्या फाटकापाशी संपायची की रेशन दुकानाच्या दारात, आपल्या नावाच्या पत्रिकेसह, हे देवाच्या हाती नाही. ते संघटित श्रमिकांच्या हाती आहे.