कुंपण आणि फाटक

बागेला कुंपण का घालतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. शेळ्या रोपे खातात, कुत्री वाफे उकरतात. म्हणून शाळेची बाग असो की घरामागची परसबाग, कुंपण हवेच. पण कुंपण घालताना लोक आधी खांब आणि तार मोजतात. फाटकाचा विचार ते शेवटी करतात. रस्त्याच्या बाजूला एक फाटक बसवले, की काम संपले, असे त्यांना वाटते. मला हे पटत नाही. आधी फाटकांच्या जागा ठरवाव्यात आणि मगच पहिला खांब रोवावा, असे माझे मत आहे.

याचे कारण सोपे आहे. कुंपण नवे असले, तरी पायवाट जुनी असते. कोणी त्या वाटेने पाण्याला जातो, कोणी शाळेत जातो, तर कोणी शेजाऱ्याकडे. वाट बंद झाली, म्हणून माणसांची गरज संपत नाही. मुले तारांमधून वाकून जातात. त्यांचे कपडे फाटतात, हाताला ओरखडे येतात. हळूहळू तार सैल होते आणि मग तेथूनच शेळी आत शिरते. म्हाताऱ्या माणसांना तर वाकताही येत नाही. त्यांना लांबचा वळसा घालावा लागतो. हे योग्य आहे का?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे ५२ दरवाज्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. शत्रूला अडवण्यासाठी शहराला तट होता, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी त्यात दरवाजेही होते. दिल्लीच्या बाजूचा तो दिल्ली दरवाजा आणि पैठणच्या वाटेवरचा तो पैठण दरवाजा. जुन्या किल्ल्यांच्या मोठ्या दरवाज्यात एक लहान दिंडी दरवाजाही असे. एका माणसासाठी मोठा दरवाजा उघडावा लागत नसे.

कोणी म्हणेल, "जास्त फाटके म्हणजे जास्त खर्च आणि जास्त राखण." हे काही अंशी खरे आहे. म्हणून फाटके उगाच वाढवू नयेत. पण जेथे रोजची वाट आहे, तेथे लहानसे फाटक हवेच. उघडे राहण्याची भीती वाटत असेल, तर आपोआप मिटणारी बिजागरी लावता येते. पुन्हा पुन्हा तार दुरुस्त करण्यापेक्षा हे बरे.

फाटक बसवताना काही गोष्टी लक्षात ठेवा. फाटकाचे वजन ज्या खांबावर येते, तो इतरांपेक्षा जाड असावा आणि खोल रोवावा. लाकडी फाटकाला तिरपी पट्टी ठोकावी. ती खालच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जावी, म्हणजे फाटक लोंबत नाही. फाटक रस्त्यावर न उघडता आत उघडावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी किमान ९० सेंटिमीटर रुंद वाट मोकळी ठेवावी. कडी त्याचा हात पोचेल अशा उंचीवर लावावी.

तुमच्या शाळेच्या बागेला उद्या कुंपण घालायचे ठरले, तर गवंडीदादांना बोलावण्यापूर्वी एक काम करा. त्या जागेतून कोण कोण जाते, ते आठवडाभर पाहा. माळीकाका, शिपाईमामा आणि शेजारचे लोक यांनाही विचारा. मगच फाटकाची जागा नक्की करा. कुंपण जनावरांना अडवण्यासाठी असते, माणसांना तोडण्यासाठी नव्हे.